वरच्या पट्टीत अर्धवट पत्ता टाकू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे नीट सांगता येत नाही, लोकलमध्ये आवाज कटतो आणि बाबा मधेच "हो हो, कळलं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू म्हणालीस ना की पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याची साइट उघडली तर तिथे आधी फी मागत होते आणि आधार नंबर पण, ती साइट सरकारी नव्हतीच, तू पैसे न भरता बंद केलीस ते फार बरं केलंस. पण बाबांचा प्रश्न एकदम रास्त आहे, की मी नाव तर बरोबर टाकलं होतं, मग भलतीच साइट कशी काय आली?

तर ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्यात आपण साइट उघडतो त्या क्रोमसारख्या अ‍ॅपमध्ये, ती वरची पट्टी आहे ना, ती दोन कामं करते. पत्ता पण तिथेच टाकायचा आणि सर्च पण तिथेच. पूर्वी दोन वेगळे रकाने असायचे, २००८ मध्ये क्रोम आलं ते एकच रकाना घेऊन आणि मग बाकीच्यांनीही तसंच केलं. त्यामुळे तुम्ही जे लिहाल तो पत्ता आहे का सर्चचे शब्द, हे ब्राउझर स्वतः ठरवतो, तुम्हाला विचारत नाही. बाबांनी टाकलं जीवन, मग स्पेस, मग प्रमाण, म्हणजे त्या दाखल्याचं सरकारी नाव. आता साइटच्या नावात स्पेस चालतच नाही, त्यामुळे स्पेस दिसली की तो समजतो हा पत्ता नाही आणि सरळ सर्च करतो. नुसता एकच शब्द टाकला, डॉट न देता, तरी बहुतेक वेळा सर्चच. डॉट असेल आणि शेवटी इन, कॉम असं ओळखीचं काही असेल तरच तो पत्ता धरतो आणि सुरुवातीचं एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीची खूण) आपलं आपण लावतो. आधी क्रोम साधं एचटीटीपी लावून बघायचा, २०२१ पासून एचटीटीपीएस आधी लावतो. म्हणजे बाबा, तुम्ही ते एकेक अक्षर बघून एचटीटीपी आणि दोन तिरक्या रेघा टाइप करत बसता त्याची काही गरज नाही, ज्यांनी वेब बनवलं त्या टिम बर्नर्स-लींनीच २००९ मध्ये सांगितलं होतं की त्या दोन रेघा नसत्या तरी चाललं असतं.

हे म्हणजे टॅक्सीत बसून नुसतं "राम मंदिर" म्हणण्यासारखं आहे, एखादा वडाळ्याला नेईल, दुसरा गोरेगावच्या अलीकडच्या राम मंदिर स्टेशनला. सर्चमध्ये तर अजून वाईट, कारण तिथे सगळ्यात वर जे येतं ती बऱ्याचदा जाहिरात असते, पैसे भरून वर आणलेली. तिथेच "प्रायोजित" लिहिलेलं असतं, ते चष्मा लावून सुद्धा पटकन दिसत नाही. मला याचा खरंच राग येतो, पेन्शनरांच्या कामाचं पान आणि त्याच्या डोक्यावर कोणीतरी दलाल बसलेला.

एक गोष्ट मात्र टाइप करतानाच दिसते, ती बघायची सवय लावा. अक्षरं टाकत गेलात की खाली यादी उघडते. ज्या ओळीपुढे भिंगाचं चित्र ती सर्चला नेणार, आणि गोल पृथ्वी किंवा साइटचं स्वतःचं छोटं चिन्ह असेल ती साइटवर. कधी कधी दोन-तीन अक्षरांतच पुढचा पत्ता तो स्वतःच भरतो, तो तुम्ही आधी उघडलेल्या साइटवरून. म्हणजे एकदा चुकीची उघडली तर पुढच्या वेळी तीच पुढे करेल, म्हणून त्या ओळीच्या उजवीकडच्या फुलीवर क्लिक करून ती काढून टाका, कालचीसुद्धा आजच काढा.

आणि बाबा, कोणीतरी शिकवलंय ना तुम्हाला, नाव टाकून कंट्रोल एंटर मारायचं, ते प्लीज बंद करा. त्याने नावाच्या आधी ट्रिपल डब्ल्यू आणि शेवटी डॉट कॉम लागतं. आपल्या कामाच्या साइट्स सगळ्या डॉट इनच्या, त्याच नावाची डॉट कॉम कोणाची असेल काही सांगता येत नाही.

खरी साइट ओळखायची तर पत्त्याचा शेवट बघायचा. पहिली एकटी तिरकी रेघ शोधा, आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा, रेघ नसेल तर अगदी शेवटी काय आहे ते. दाखल्याची साइट आहे जीवनप्रमाण डॉट जीओव्ही डॉट इन, सगळं जोडून, जीवनमध्ये दोन ई आणि प्रमाणमध्ये एमनंतर दोन ए. जीओव्ही डॉट इन हे सरकारी खात्यांनाच मिळतं. पण जीओव्ही डॉट इन मधेच आलंय आणि त्यापुढे अजून डॉट काहीतरी डॉट कॉम असेल तर ती साइट सरकारची नाही, त्या शेवटच्या नावाची आहे. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं तरी त्यावर जाऊ नका, ते फसव्या साइटलाही मिळतं, त्याचा अर्थ एवढाच की मधल्या मधे कोणी वाचू शकत नाही. बँकांसाठी तर रिझर्व्ह बँकेनेच ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली होती, सगळ्यांनी डॉट बँक डॉट इनवर यायचं म्हणून, आणि ते नाव बँक सोडून कोणाला मिळत नाही, तेव्हा पासबुकची साइट उघडताना शेवट तोच आहे का बघा.

कधी पैसे गेलेच तर मला फोन करायच्या आधी १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, लाजायचं नाही, जितक्या लवकर कळवाल तितके ते थांबवता येण्याची शक्यता जास्त.

रविवारी मेगाब्लॉक नसेल तर अकरापर्यंत येते. सगळ्या साइट्स मी पूर्ण पत्त्यानिशी बुकमार्क करून देईन, मग टाइप करायलाच नको. बाबांचा पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), आधार आणि पासबुक काढून ठेव आई, आधारला जोडलेला तो मोबाइल पण चार्ज करून ठेव, चेहरा दाखवून दाखला फोनवरच होतो आणि त्याला सरकार काही फी घेत नाही, जेवायच्या आधी करून टाकू.

तुमची,
मनू