पाखरांच्या वाट्याची ज्वारी

महोदय,

हरभरा पेरताना बियाण्यात थोडी ज्वारी मिसळावी, अशी शिफारस कृषी तज्ज्ञ वर्षानुवर्षे करीत आले आहेत, कारण उंच वाढलेल्या त्या ताटांवर बसून कोतवाल आणि साळुंक्या हे पक्षी हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळ्या टिपतात, आणि पुढे कणसे भरली की दाणे खाणाऱ्या चिमण्यांचीही सोय होते. वेगळे क्षेत्र गुंतवावे लागत नसल्याने अल्पभूधारकालाही हे परवडते. प्रत्यक्षात ही ताटे खुरपणीत उपटली जातात किंवा कडब्यासाठी कणसांसकट कापली जातात. हरभऱ्याच्या पीक प्रात्यक्षिकांसाठी बियाणे व कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना आकर्षून पकडणारे) देताना कृषी विभागाने सोबत पावशेर गावरान ज्वारीही द्यावी.

– एक शेतकरी वाचक, जि. सोलापूर