आईची कंबर आणि सोमवारचा गवंडी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आधी चिडून घ्या, मग वाचा. सोमवारी सकाळी गवंडी येतोय. मागच्या न्हाणीघरात कमोड बसेल आणि स्वयंपाकघरात आईच्या उंचीचा ओटा होईल. सामानाचे पैसे देऊन झालेत, त्यामुळे "राहू दे गं" चालणार नाही. विचारलं असतं तर विषय पुढच्या गणपतीपर्यंत लांबला असता, हे तुम्हालाही माहीत आहे. देवघराला हात लागणार नाही. परसातली चूल राहील. बाबांची खुर्चीही खिडकीपाशीच.

डॉक्टर म्हणाले, "कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती झिजलीय", ते ऐकून आई, तुझा चेहरा उतरला. तिथे बोलता आलं नाही म्हणून लिहिते. दोन मणक्यांमधल्या चकतीत आत मऊ, ओलसर गर असतो आणि भोवती चिवट कडं. तरुणपणी त्या गरात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. वयाबरोबर ते आटतं, चकती चपटी होते, कड्याला चिरा पडतात. तिला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, म्हणून झीज सहजी भरून येत नाही. पण काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांचा एमआरआय काढला, तरी १० पैकी ८ जणांत ही झीज दिसते. म्हणून रिपोर्टपेक्षा तुझं दुखणं कशाने वाढतं ते बघायचं. वाकून केर काढला, उकिडवं बसून भांडी घासली, खाली बसून भाकऱ्या थापल्या की कळ येते. आडवी झालीस, जरा चाललीस की बरं वाटतं. चकतीचं दुखणं बहुतेक वेळा असंच वागतं. मांडीमागून अंगठ्यापर्यंत मुंग्या जातात, ते नस दबल्यामुळे. बहुतेकांचं ते ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय निवतं. आत्याचं वेगळं होतं. ते मनात आणू नकोस.

मला ताप आला की पाठुंगळी घेऊन एस.टी. स्टँडपर्यंत चालायचीस. तुझ्या मानेला खोबरेल तेलाचा वास यायचा आणि मी मुद्दाम झोपेचं सोंग घ्यायचे, उतरवू नयेस म्हणून. त्या पाठीचे लाड आता मला करू दे ना.

बाबा, आता तुमच्यासाठी. हाडं बसवणाऱ्याकडे न्यायचं नाही. मेडिकलमधून मनाने दुखीच्या गोळ्या आणायच्या नाहीत. आईचं बीपी आणि किडनी, दोन्हींना त्या बाधतात. दिवसभर झोपवूनही ठेवू नका, सकाळ-संध्याकाळ देवळापर्यंत चालवा. पाण्याची कळशी तुम्ही उचला, पण अर्धीच भरा, तुम्हीही काही पंचविशीचे नाही. मिश्रीबद्दल मी बोलणार नव्हते. तरी आई, तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, एवढं लिहून ठेवते.

एक मात्र लपवायचं नाही. चालताना पाऊल घसटायला लागलं, लघवी अडकली किंवा झालेली कळेना, बसायच्या जागी बधिर वाटलं, तर मला विचारत बसू नका. रात्रीचे दोन असले तरी शेजारच्यांची गाडी काढून मोठ्या हॉस्पिटलात जा, मला वाटेतून कळवा. त्यात उशीर झाला तर नस कायमची दुखावते. तसं होईल असं नाही, फक्त माहीत असू दे. यात लाजण्यासारखं काही नाही.

गवंड्याला चहा बाबा करतील. आणि आई, ओट्याचं माप घेताना तू स्वतः उभी राहा, चपला न घालता.

तुमची,
मनू