मंगलला, त्या निळ्या झग्याबद्दल

प्रिय मंगल,

फराळाच्या डब्याची पोच दिली नाही म्हणून जे काय ऐकवायचंय ते फोनवर ऐकव. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आज लिहितेय ते एका झग्यापायी. इथे लंडनमध्ये कुणाला सांगावं तर 'बरं, मग?' म्हणतील.

एका आजीबाईंनी चिनी दरबारी झगा अस्तर दुरुस्तीला दिलाय. 1911 च्या क्रांतीनंतर राजवट बुडाली, सरदारांच्या पेट्या बाजारात आल्या, तेव्हा त्यांच्या आजोबांनी पेकिंगमध्ये घेतलेला. गडद निळं रेशीम, केसी विणीचं. तुझ्या हातात द्यायला हवं होतं गं! रंग बदलला की आडवा धागा तिथूनच माघारी फिरतो, थेट तुमच्या पैठणीसारखा. फक्त येवल्यात दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात, हे लोक मोकळे सोडतात. उजेडात धरलं की नक्षीच्या कडेने बारीक फटी दिसतात. खाली लाटा, वर नऊ ड्रॅगन. त्यातला नववा पुढच्या पाखीच्या आत, घालणाऱ्यालाच ठाऊक असलेला.

आणि बारा चिन्हं. डाव्या खांद्यावर सूर्य, उजव्यावर चंद्र, त्यात औषध कुटणारा ससा. मग कुऱ्हाड, डोंगर, धान्य, पाणवनस्पती असं बरंच. बाराच्या बारा फक्त सम्राटाला. चियेनलुंग सम्राटाने 1759 मध्ये तसा नियमच केला. म्हणून त्यांच्या घरी हा तीन पिढ्या 'सम्राटाचा झगा'.

अस्तर उसवलं आणि पोटात गोळाच आला. ड्रॅगन मागूनही विणलेलेच, पण चिन्हांच्या मागे टाके! कुऱ्हाडीखाली तर अख्खा ढग विणलेला आहे, शेपटीसकट. म्हणजे ढग आधीचा, कुऱ्हाड नंतर कुणीतरी भरलेली, बहुधा भाव वाढवायला. शिवाय खालच्या घेराला काप दोनच, पुढे नि मागे. राजघराण्यातल्या पुरुषांना चार असत. हात मात्र काय सुंदर! सशाचा एकेक कान बघत बसावं. लबाडी म्हणायला जीभ रेटत नाही.

'सम्राट तर पिवळा घालायचा' म्हणशील. मीही सहज तसं बोलून पाहिलं. बाई तयारच: स्वर्गाच्या वेदीवर पूजेला तो निळाच घालायचा. खरंय ते. बाईंचा अभ्यास पक्का, हीच पंचाईत.

मला पैसे अस्तराचे मिळणार. खरं-खोटं कुणी विचारलेलंच नाही. पुन्हा शिवलं की ढग झाकला जाईल, संपलं. पण तुझ्या आजीची 'पेशवाईतली' पैठणी आठवते. भर हळदीकुंकवात मी त्या साडीचं खरं वय सांगितलं आणि तू पुढच्या गणपतीपर्यंत अबोला धरलास. बरोबर मीच होते, आजही म्हणते! पण आजी ती पुन्हा कधी नेसलीच नाही, हे तू मला किती उशिरा सांगितलंस.

आणि या बाई तर झगा नातीला देणार आहेत. नात उद्या लिलावात घेऊन गेली तर? तिथे कुणी परका मख्खपणे सांगेल, त्यापेक्षा मी बरी ना? की मी माझंच समाधान करून घेतेय?

ओंकार इंजिनिअरिंगला बसतोय की अजून नाटकच? सासूबाईंच्या डोळ्याचं काय झालं? मागावर सध्या कुठला रंग?

बाई शुक्रवारी येतायत. त्याआधी फोन कर, आणि 'तुला योग्य वाटेल ते कर' असलं काही म्हणू नकोस.

तुझी,
नंदा