त्या खोलीतल्या माणसांविषयी

तीर्थस्वरूप आई आणि बाबांना,

साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या भेटीत मी तुमच्या कानांना हेडफोन लावून दिला होता, तेव्हा टाउन्स व्हॅन झँट या गायकाची दोन गाणी ऐकून तुम्ही म्हणालात, की माणूस मनापासून गातो आहे, परंतु मागे बाटल्या किणकिणतात, लोक मध्येच हसतात, मग हीच गाणी स्टुडिओत नीट मुद्रित केलेली असताना तू हे का ऐकतेस? मी निघण्याच्या घाईत होते, म्हणून काहीतरी मोघम उत्तर दिले. प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला. आई, तूही फोनवर दोनदा विचारलेस, की इतकी उदास गाणी पुन्हा पुन्हा ऐकून जीव कष्टी होत नाही का. तुम्हा दोघांनाही नीट उत्तर द्यावे, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

टाउन्स व्हॅन झँट हा अमेरिकेतील टेक्सस राज्याचा लोकगायक. तो आपली गाणी स्वतः लिहीत असे आणि गिटारवर स्वतःच गात असे. १९६८ ते १९७२ या काळात त्याचे सहा अल्बम निघाले, पण ते फारसे खपले नाहीत. त्यांतील पहिल्या अल्बमवर तर वाद्यमेळाची इतकी आरास आहे, की साध्या अंगकाठीच्या माणसाला कोणी आग्रहाने भरजरी शेला पांघरावा तसे वाटते. पुढे जुलै १९७३ मध्ये ह्यूस्टन शहरातील ‘ओल्ड क्वार्टर’ नावाच्या एका लहानशा मद्यगृहात तो केवळ गिटार घेऊन गायला आणि ते गाणे ध्वनिमुद्रित झाले. त्या वेळी तो २९ वर्षांचा होता. हे मुद्रण दोन तबकड्यांचा संच म्हणून ‘लाइव्ह अ‍ॅट द ओल्ड क्वार्टर, ह्यूस्टन, टेक्सस’ या नावाने बाहेर पडायला १९७७ साल उजाडले. माझ्यासारख्या असंख्य श्रोत्यांना त्याच्या साऱ्या कामात हा अल्बम सर्वांत प्रिय आहे, आणि बाबा, तुम्हाला खटकलेल्या त्या आवाजांचा या प्रेमात मोठा वाटा आहे.

ती जागा लहान होती आणि माणसांनी भरून गेली होती. ह्यूस्टनचा जुलै म्हणजे दमट उकाडा. अशा ठिकाणी, हातात पेला असलेल्या माणसांकडून शांततेची अपेक्षा कोणी करत नाही. तरीही पहिले गाणे सुरू होते आणि खोली निःशब्द होते. स्टुडिओतील शांतता ही भिंतींनी दिलेली असते. येथील शांतता माणसांनी, एकेकाने आपापल्यापुरती ठरवून, दिलेली आहे, आणि मधूनच एखादी बाटली किणकिणते तेव्हा इतका वेळ किती माणसे श्वास धरून बसली होती याची जाणीव होते. तो आवाज पुसून टाकला असता, तर ती शांतताही ऐकू आली नसती. बाबा, मैफलीत गवयाने समेवर येण्याआधी समोरच्या माणसांच्या माना आपसूक थांबतात, असे तुम्ही मला लहानपणी दाखवले होते. मला वाटते, ते थांबणे या अल्बममध्ये कानांना ऐकू येते.

आई, आता तुझ्या प्रश्नाविषयी. गाणी उदास आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांतील एका गाण्यात एका खाणकामगाराची मुलगी कामाच्या शोधात परगावी येते, पै पै साठवते, हिवाळा सरला की घरी परतायचे असे मनाशी ठरवते, आणि ती निघण्याआधीच वडील गेल्याची बातमी गावाकडून येते. त्यानंतर तिचे आयुष्य जे घसरते ते सावरत नाही. स्वतः दूर राहणाऱ्या मुलीला हे गाणे ऐकताना काय होत असेल, ते तुला वेगळे सांगायला नको. पहिल्यांदा ऐकले त्या रात्री मी ते अर्ध्यावरच बंद केले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले, तेव्हा लक्षात आले, की गाणारा त्या मुलीची कीव करत नाही, तिच्यावर ठपकाही ठेवत नाही; तो तिची हकीकत एका सुरात, शेजारी बसून सांगावी तशी सांगतो, आणि उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर संथ चालत राहतो. शिवाय त्या खोलीतील सगळी माणसे माझ्याबरोबर ते ऐकत असतात. एकटीने ऐकले तर जे दुःख अंगावर आले असते, ते तेवढ्या माणसांत बसून ऐकले की सोसवते. तुला जी उदासी वाटते, तिच्यापाशी मी एकटी नसते, एवढेच माझे उत्तर आहे.

आणि सारा वेळ उदासी नाही, हेही सांगितले पाहिजे. गाण्यांच्या मध्ये तो विनोद सांगतो, आणि दोन गाणी तर गाण्यापेक्षा बोलण्याच्याच अंगाने जाणारी आहेत. एकात महाविद्यालयीन मुलांच्या मंडळात शिरण्यासाठी धडपडणाऱ्या तरुणाची फजिती आहे, दुसऱ्यात स्वस्त मद्याची. लोक खळखळून हसतात. त्या हसण्याने सैल झालेले मन पुढच्या गंभीर गाण्यासाठी आपोआप उघडे राहते. कीर्तनकार पूर्वरंगात श्रोत्यांना हसवतो आणि आख्यानात रडवतो, तीच जाण येथे आहे.

तुम्हाला त्याच्या आई-वडिलांविषयीही सांगावेसे वाटते, कारण ती हकीकत वाचल्यापासून मला हा अल्बम निराळाच ऐकू येऊ लागला. त्याची पहिली गिटार वडिलांनी नाताळची भेट म्हणून दिली होती. दुसऱ्यांची गाणी गाणे पुरे, आता स्वतःची लिही, असेही वडिलांनीच त्याला सुचवले, आणि १९६६ मध्ये ते वारले. त्याआधी, तो विशीत असताना, मानसिक आजारावर उपचार म्हणून त्याला इन्सुलिनचे झटके, म्हणजे इन्सुलिनची मोठी मात्रा देऊन बेशुद्ध करण्याचे उपचार, देण्यात आले होते. त्या उपचारांनी त्याच्या बालपणीच्या बऱ्याचशा आठवणी पुसून टाकल्या. त्या उपचारांना आपण संमती दिली, ही आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी खंत असल्याचे त्याच्या आईने पुढे सांगितले. त्या माउलीने तेव्हा जे बरे वाटले तेच केले होते. ज्याच्या स्वतःच्या आठवणी हरवल्या, तो परक्या माणसांच्या हकिगती इतक्या बारकाईने सांगतो, हे ऐकताना माझा हात कामावरून थांबतो.

या अल्बमच्या अगदी सुरुवातीला जे गाणे आहे, ‘पँचो अँड लेफ्टी’, ते एका बंडखोर लुटारूचे आणि त्याच्या मित्राचे आहे. मित्राने दगा दिला की काय, हे गाणे उघड बोलत नाही. लुटारू मारला जातो त्याच दिवशी तो मित्र दूर उत्तरेकडे निघून जातो, एवढेच कळते. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड या दोन नामवंत गायकांनी ते गायले आणि अमेरिकेच्या ‘कंट्री’ या ग्रामीण धाटणीच्या संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ते गायनही मला आवडते. तरी १९७३ च्या त्या रात्री ज्यांनी ते ऐकले, त्यांना पुढचे काहीच ठाऊक नव्हते, आणि तरीही त्यांनी त्याला पूर्ण कान दिला, याचे मोल मला अधिक वाटते. पुढे यश मिळेल की नाही याचा हिशेब न करता दिलेली दाद त्या मुद्रणात जशीच्या तशी राहिली आहे.

टाउन्स १ जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी गेला. ‘ओल्ड क्वार्टर’ चालवणाऱ्यांपैकी एकाने त्याच नावाची लहानशी जागा नंतर टेक्ससमधल्याच गॅल्व्हेस्टन येथे सुरू केली, आणि नववर्षाच्या पहिल्या दिवशी तेथे जमून टाउन्सची गाणी गाण्याची प्रथा पडली. तेथे कधी जाता येईल, असे मला वाटत नाही. हेडफोन लावला, की ती खोली मात्र मला कधीही गाठता येते.

आई, शब्द इंग्रजी आहेत आणि उच्चार टेक्ससचे, त्यामुळे तुला पटकन उमगणार नाहीत. म्हणून आठ गाण्यांचा भावार्थ वहीत लिहून या पत्रासोबत पाठवत आहे. प्रत्येक गाणे आधी वाच आणि मग ऐक. बाबा, तुमच्या डाव्या कानाला हल्ली कमी ऐकू येते, तेव्हा स्पीकर उजव्या बाजूला ठेवा आणि आवाज थोडा मोठा करा. सुरुवातीचे निवेदन वगळू नका. गाणे सुरू होण्यापूर्वी खोली कशी गप्प होत जाते, ते तेथूनच कळते. ऐकून झाल्यावर तुम्हाला काय वाटले ते फोनवर न सांगता पत्राने कळवा. पटले नाही, तर तसेही लिहा.

प्रकृतीस जपावे.

तुमची,
लेक