बेरजेपेक्षा रकाने बघा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जुनाट सायनसच्या पेशंटला कान-नाक-घसा ओपीडीत ‘स्नॉट-२२’ नावाचा फॉर्म भरायला देतात. प्रश्न २२, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ११०. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. फॉर्म चांगलाच आहे. माझी तक्रार आहे ती नुसती बेरीज बघून सगळं खापर सायनसवर फोडण्याबद्दल.

नाक चोंदणं, वास न येणं, चेहरा दुखणं हे प्रश्न त्यात आहेतच. पण झोप न लागणं, रात्री जाग येणं, सकाळी थकूनच उठणं, कामात लक्ष न लागणं, चिडचिड हेही आहे. म्हणजे नाक ठणठणीत असून झोपेत श्वास अडकणाऱ्या, स्लीप अ‍ॅप्नियाच्या माणसाचेही गुण चढतात. काहींना तर दोन्ही दुखणी असतात.

ओपीडीत नोकरी करताना पाहिलेले एक टॅक्सीवाले काका आठवतात. नाकाच्या प्रश्नांना शून्य नाहीतर एक, झोपेच्या प्रश्नांना पाचावर पाच. घोरता का, विचारलं तर “छे!” शेजारी बसलेल्या मिसेस म्हणाल्या, “सिस्टर, अख्खी चाळ जागी असते यांच्यामुळे. मध्येच आवाज बंद होतो, तेव्हा मीच हलवते.” हे काकांना एकट्याला विचारून कधी कळलं असतं?

दिवसाची पेंग मोजायला एपवर्थ फॉर्म आहे, १९९१ चा, ऑस्ट्रेलियातला. आठ प्रसंग, २४ पैकी गुण, १० च्या वर गेले की संशय घ्यायचा. त्यात तासभर गाडीत बसल्यावर डुलकी लागते का, असा प्रश्न आहे. आता कर्जत लोकलला खिडकी मिळाल्यावर कोण पेंगत नाही? पहाटे चारला उठून डबे करणारी बाई तर उभ्या उभ्या पेंगते. तेव्हा निदान शेवटी रात्रभराच्या स्लीप स्टडीनेच होतं.

हा किरकोळ प्रश्न नव्हे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांच्या पाहणीत १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचा त्रास आढळला होता. त्याच्या जोडीला दिवसा पेंग येणारे ७.५ टक्के.

फॉर्म मराठीत छापावा, नाकाचे आणि झोपेचे गुण वेगळे मांडावेत, आणि घरच्या माणसासाठी खाली दोन ओळी सोडाव्यात. गुण झोपेकडेच झुकत असतील, तर नाकाच्या ऑपरेशनची तारीख देण्याआधी स्लीप स्टडीची चिठ्ठी द्यावी.

– एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई