बंडू, इंजिन गेलेलं नाही

भाट्ये, रत्नागिरी

प्रिय बंडू,

आधी निकाल सांगतो: आपल्या रोटरी गाडीचं इंजिन शाबूत आहे. सिंगापूरहून तू फोनवर "विकून टाक" म्हणालास, तेव्हा मी गप्प राहिलो, कारण हातात पुरावा नव्हता. आता आहे.

चूक माझीच होती. तू बोटीवर गेल्यापासून दर रविवारी मी गाडी पडवीतून खळ्यात काढायचो, धुवायचो आणि परत आत लावायचो. इंजिन चालायचं जेमतेम दोन मिनिटं. मला वाटायचं, मी गाडी जपतोय. पण थंड इंजिनाला पेट्रोल जास्त सुटतं. ते जळायच्या आत आपण चावी फिरवली, की आतच राहतं आणि पिस्टनच्या जागी फिरणाऱ्या तिकोनी रोटरच्या टोकांवरच्या सीलचं तेल धुऊन काढतं. तेलाचा थर गेला की दाब धरत नाही, दाब नाही तर गाडी सुरू होत नाही. आपले जुने फिटर 'ओव्हरफ्लो झाली' म्हणतात ना, तेच. फक्त पिस्टनच्या गाडीपेक्षा रोटरीला हे फार लवकर होतं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी ती सुरूच होईना. सेल्फचा आवाजही हलका, एकसारखा येत होता. शहरातल्या एका मेस्त्रीने बोनेटही नीट न बघता सांगितलं, "एपेक्स सील (म्हणजे तेच रोटरच्या टोकांवरचे) गेलेत, इंजिन खोलावं लागेल." मला ते पटलं नाही. सील झिजलेली गाडी गरम असताना छळते: पंपावर बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. आपली थंड असताना छळत होती, आणि आधीच्या आठवड्यापर्यंत अर्ध्या सेल्फला उठत होती.

म्हणून सगळं मुळापासून बघितलं. बॅटरीच्या अर्थिंगची पट्टी सोडली तर आतून हिरवीगार. खाऱ्या वाऱ्याने तांबं खाल्लं होतं. पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून परत आवळली, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. रोटरीला सेल्फचा वेग लागतो, मिनिटाला साधारण २५० फेरे. त्याखाली ती ऐकतच नाही. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, चारही प्लग काढले. सगळे पेट्रोलने थबथबलेले. तसाच सेल्फ मारला तर प्लगच्या भोकांतून पेट्रोलचे फवारे उडाले. (आसपास विडी-काडी नको म्हणून पोरांना आधीच लांब पिटाळलं होतं.) प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, प्लग सुकवून जागच्या जागी लावले. खालचे आणि वरचे प्लग वेगळे असतात, अदलाबदल करायची नाही, हे लक्षात ठेव. तिसऱ्या सेल्फला पकडली. माडांच्या शेंड्यापर्यंत पांढरा धूर! आई देवघरातून धावत बाहेर आली.

सुरू झाली, पण मिसिंग मारत होती. आयडलला स्टिअरिंग थरथरायचं. पुढच्या रोटरचा खालचा प्लग काळा आणि ओला निघाला. त्याला ठिणगी देणारी कॉइल मागच्या रोटरला लावून बघितली, तर आता मागचा प्लग तसाच निघाला. म्हणजे दोष कॉइलचा. मुंबईहून एक मागवली. खालचा प्लगच मुख्य जाळ धरतो, त्यामुळे तो चुकला की न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तोही जातो. वेळेत सापडलं.

मग पावसपर्यंत जाऊन आलो आणि गरम इंजिनवर दाब मोजला. साधा गेज तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो, एक सील मेलेलं असलं तरी कळत नाही. म्हणून गेजचा व्हॉल्व्ह काढला, पूर्ण थ्रॉटल देऊन सेल्फ मारला आणि काट्याचं शूटिंग मोबाईलवर घेतलं. हळू करून बघितलं: टक, टक, टक, तिन्ही उड्या सारख्या. मागच्या रोटरलाही तशाच. व्हिडिओ पाठवतोय, तूच बघ.

होस्टेलच्या खोलीत तू १९९१ची ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी गाडीचं चित्र चिकटवलं होतंस. चार रोटरचं ते इंजिन २४ तास धावलं. आपल्या दोन रोटरना मी खळ्यातल्या दोन मिनिटांत गुदमरवलं, याचं फार वाईट वाटतं.

आता ती एकदा सुरू केली की गणपतीपुळ्यापर्यंत फिरवल्याशिवाय बंद करत नाही. बंद करण्याआधी थोडी रेस देतो. दर दुसऱ्या टाकीला ऑइल बघतो, कारण ती ते स्वतःच थोडं थोडं जाळते.

येताना उरलेल्या तीन कॉइल आण, त्याही त्याच वयाच्या आहेत. आणि आईने विचारलंय, गणपतीला पोचतोस की नाही? पोचणार असलास तर स्टेशनवर हीच गाडी घेऊन येतो.

तुझा,
अप्पा