लिबर्तादोरेसच्या सेमीफायनलला दोन कॉलम तरी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा, २०२५ ला, भाऊबीजेच्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, आपल्याकडं सकाळी सहाच्या सुमाराला तिकडं रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलचा फ्लामेंगो विरुद्ध अर्जेंटिनाचा रेसिंग क्लब ही फुटबॉलची मॅच सुरू होणार आहे, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पहाटे इक्वेडोरच्या किटो शहरात तिथलाच क्लब एलडीयू विरुद्ध ब्राझीलचा पाल्मेरास. कोपा लिबर्तादोरेसच्या या दोन सेमीफायनल. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची ही सगळ्यात मोठी स्पर्धा, १९६० पासून चालू आहे, युरोपात चॅम्पियन्स लीगला जो मान तोच तिकडं हिला. आणि आपल्या पेपरच्या क्रीडा पानावर यंदा तिची एक ओळ आलेली माझ्या बघण्यात नाही. सप्टेंबरात क्वार्टर फायनल झाल्या तेव्हाही नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

नोव्हेंबरच्या शेवटी फायनलचा निकाल चार ओळीत येईल कुठंतरी खाली कोपऱ्यात, हे मला माहितीये. पण ही स्पर्धा बघायची तर सेमीफायनलला बघावी असं माझं ठाम मत आहे आणि त्याला कारण आहे. २०१९ पासून फायनल एकच मॅच होते, तीही आधीच ठरवलेल्या शहरात, यंदा २९ नोव्हेंबरला पेरूच्या लिमा शहरात. म्हणजे ज्यांना विमानाचं तिकीट परवडतं तेच लोक स्टेडियमवर. सेमीफायनल मात्र अजून जुन्या पद्धतीनं दोन लेगची, एक मॅच यांच्या घरी आणि एक त्यांच्या घरी, त्यामुळं आपल्या गावात आपल्या लोकांसमोर खेळायची ही या क्लबांची शेवटची वेळ. बाहेरच्या मैदानावर केलेल्या गोलला जादा किंमत होती तो नियम २०२२ पासून गेला, आणि दोन मॅच मिळून बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम वगैरे काही नाही, थेट पेनल्टी. २०१७ ला अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटनं पहिली मॅच १-० जिंकलेली, दुसऱ्या मॅचमध्ये लानुसच्या मैदानावर २-० पुढं होते, म्हणजे एकूण तीन गोलची आघाडी, आणि तिथून लानुससारख्या छोट्या क्लबनं चार गोल मारून त्यांना घरी पाठवलं. २०१३ ला ब्राझीलच्या अॅटलेटिको मिनेरोच्या सेमीफायनलला चालू मॅचमध्ये स्टेडियमचे लाइट गेले, परत आल्यावर त्यांनी पहिल्या मॅचची बरोबरी करायला पाहिजे होता तो दुसरा गोल मारला आणि मग पेनल्टीवर जिंकले. असलं सगळं सेमीफायनललाच होतं बघा.

आता किटोचं सांगतो कारण मला त्या मॅचची फार उत्सुकता आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण २,८५० मीटर उंचीवर आहे. आपण वेंगुर्ल्याची माणसं आंबोलीला गेलो तरी स्वेटर काढतो, किटो आंबोलीच्या चौपट उंच, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर म्हणजे ते सुद्धा किती खाली राहिलं. तिथं हवा विरळ, एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी, त्यामुळं सवय नसलेल्या खेळाडूचे पाय सेकंड हाफमध्ये जड होतात. त्यात चेंडूला हवेचा अडथळा कमी, लांबून मारलेला शॉट जोरात येतो आणि वळायचा तेवढा वळत नाही, गोलकीपरचा अंदाज चुकतो. बाहेरून येणाऱ्या टीमपुढं दोनच रस्ते, एक तर खूप दिवस आधी जाऊन शरीराला सवय लावायची (एवढे मोकळे दिवस कुणाकडं असतात?), नाहीतर मॅचच्या काही तास आधी पोचायचं, त्रास जाणवायच्या आत खेळायचं आणि लगेच परत. २००७ ला फिफानं अडीच हजार मीटरच्या वर इंटरनॅशनल मॅच नको असा नियम काढला होता, डोंगरातल्या देशांनी एवढा आरडाओरडा केला की वर्षभरात तो गुंडाळावा लागला. माझ्या मते बरोबर झालं. ती माणसं तिथं जन्मली, तिथंच राहतात, मग त्यांनी खेळायला खाली का उतरायचं?

पण एलडीयू नुसत्या उंचीवर जिंकते असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. यंदा त्यांनी आधी गेल्या वर्षीचा चॅम्पियन बोताफोगो घरी पाठवला, मग क्वार्टर फायनलला साओ पावलोला किटोत २-० हरवलं आणि परत त्यांच्याच मोरुम्बी स्टेडियमवर जाऊन १-० हरवलं. आता पाल्मेरास म्हणजे लागोपाठ तिसरा ब्राझीलचा क्लब. इक्वेडोरमधला लिबर्तादोरेस जिंकलेला हा एकमेव क्लब, २००८ ची गोष्ट, फायनलची दुसरी मॅच फ्लुमिनेन्सबरोबर माराकानावर, सगळं स्टेडियम विरोधात, आणि गोलकीपर सेवालोसनं पेनल्टी शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या. तीन! तरी माझं गणित असं की एलडीयूला किटोत किमान दोन गोलची आघाडी घ्यावीच लागेल, कारण ३१ तारखेला दुसरी मॅच पाल्मेरासच्या मैदानावर आहे, तिथं खालचं गवत कृत्रिम आहे, चेंडू झपझप पळतो आणि पाल्मेरासला त्याची रोजची सवय.

पाल्मेरासबद्दल थोडक्यातच लिहितो, त्यांना माझी गरज नाही. १९१४ ला इटलीहून आलेल्या लोकांनी काढलेला क्लब, आधी नाव पालेस्त्रा इटालिया, महायुद्धात १९४२ ला ते बदलावं लागलं. पोर्तुगीज कोच आबेल फेरेइरानं त्यांना २०२० आणि २०२१ ची अशी लागोपाठ दोन वर्षं कप मिळवून दिला. यंदा ग्रुपमधल्या सहाच्या सहा मॅच जिंकले, रिव्हर प्लेटला दोन्ही लेगमध्ये हरवलं. कागदावर सगळ्यात भारी टीम हीच.

माझा जीव मात्र रेसिंगमध्ये अडकलाय. ब्युनोस आयरेसला खेटून आवेयानेदा म्हणून गाव आहे, तिथला हा क्लब. त्याच गावात दुसरा क्लब इंडिपेंडिएंटे, दोघांची स्टेडियम एकमेकांपासून चालत पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, आणि त्या शेजाऱ्याकडं लिबर्तादोरेसचे सात कप आहेत, कुणाकडंच एवढे नाहीत. रेसिंगकडं एक. १९६७ चा. देशातली लीगसुद्धा १९६६ नंतर पस्तीस वर्षं त्यांना मिळाली नाही. त्यातच क्लब कर्जात बुडाला आणि मार्च १९९९ ला कोर्टानं नेमलेल्या बाईंनी जाहीर केलं की रेसिंग क्लब आता अस्तित्वात नाही. त्या आठवड्यात मॅच होऊ शकली नाही. तर लोकांनी काय करावं? मॅच नाही, टीम नाही, तरी लोक स्टेडियमवर गेले आणि स्टँड भरून टाकले, रिकाम्या मैदानाकडं बघत ढोल वाजवले, गाणी म्हटली. क्लब बंद पडला नाही. २००१ ला लीग जिंकले. हे वाचलं तेव्हापासून मी रेसिंगचा आहे, त्याला कुणी काय करणार. आमच्याकडं एखाद्या देवळाची जत्रा बंद पडायची वेळ आली तर मुंबईचे चाकरमानी रातोरात गावात उतरतील की नाही, तसलीच ती माणसं.

त्यांचा यंदाचा कोच गुस्तावो कोस्तास लहानपणी याच क्लबचा मॅस्कॉट म्हणून टीमबरोबर मैदानात यायचा, मोठा झाल्यावर याच क्लबकडून डिफेंडर म्हणून खेळला आणि आता साइडलाइनला उभा राहून खेळाडूंपेक्षा जास्त ओरडतो. गेल्या वर्षी त्यानं कोपा सुदअमेरिकाना (तिकडची दुसऱ्या नंबरची क्लब स्पर्धा) जिंकून दिली, फायनलला क्रुझेरोला ३-१ हरवून. लिबर्तादोरेसच्या सेमीफायनलला रेसिंग याआधी १९९७ ला आलेली, त्यानंतर थेट आता, अठ्ठावीस वर्षांनी. पुढं मारायला आद्रियान मार्टिनेझ आहे, तिकडं त्याला लोक माराविया म्हणतात, हवेतला चेंडू त्याच्या डोक्यावर पडला की गोलकीपरनं देवाचं नाव घ्यावं. माराकानावर एकापेक्षा जास्त गोल खाल्ला नाही तर ३० तारखेला आवेयानेदात काहीही होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं.

फ्लामेंगो सोपी नाही हे कळतं. आणि फ्लामेंगो म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला ब्राझीलचा मोठा खेळाडू झिको आठवायलाच पाहिजे. १९८१ ला फ्लामेंगोनं पहिल्यांदा लिबर्तादोरेस जिंकली, चिलीच्या कोब्रेलोआबरोबर निर्णायक तिसरी मॅच मोंतेव्हिदेओत झाली, २-०, दोन्ही गोल झिकोचे. मग डिसेंबरात टोकियोत जाऊन लिव्हरपूलला ३-० धुतलं. हाच झिको २०१४ ते २०१६ एफसी गोवाचा कोच होता, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ल्याची पोरं गाड्या करून जायची, मीही गेलोय, स्टँडमधून तो समोर दिसायचा, हातवारे करत उभा, आणि शेजारी बसलेले एक म्हातारे गोंयकार सगळी मॅच सोडून त्याच्याकडंच बघत होते. ज्या माणसाला आपण एवढ्या जवळून बघितलं त्याच्या क्लबची सेमीफायनल आपल्या पानावर येऊ नये हे मला पटत नाही. यंदाचा फ्लामेंगोचा कोच फिलिपे लुईस स्वतः २०१९ आणि २०२२ च्या विजयी टीममधून खेळलाय. क्वार्टर फायनलला त्यांना अर्जेंटिनाच्या एस्तुदियांतेसनं घाम फोडला, पेनल्टीवर गेली मॅच, गोलकीपर रोसीनं दोन अडवल्या म्हणून वाचले. २०२४ पर्यंत फ्लामेंगो आणि पाल्मेरास दोघांकडं तीन-तीन कप होते आणि ब्राझीलच्या कुठल्याच क्लबकडं चार नव्हते, शिवाय २०१९ पासून कप ब्राझीलबाहेर गेलेलाच नाही. त्यामुळं तिकडं सगळे याच दोघांची फायनल धरून चाललेत. मला ती नकोय. मला लिमात रेसिंग आणि एलडीयू पाहिजे.

इथं हे वाचणार कोण असं आपल्या संपादकीय विभागात कुणी म्हणेल. २०२२ च्या वर्ल्ड कपला आपल्याच पेपरात नाक्यानाक्यावरच्या अर्जेंटिना-ब्राझीलच्या झेंड्यांचे फोटो होते की. झेंडे लावणारी पोरं कुठं गेली नाहीत. अर्जेंटिनाचे लाउतारो मार्टिनेझ आणि डी पॉल दोघंही रेसिंगमधून वर आले, ब्राझीलचा व्हिनिसियस फ्लामेंगोमधून, एन्ड्रिक आणि एस्तेवाव पाल्मेरासमधून. संध्याकाळी कॅम्पातल्या मैदानावर जा, पाठीवर व्हिनिसियस लिहिलेले टी-शर्ट दिसतील, पण तो कुठल्या क्लबात घडला हे विचारलं तर त्यांना सांगता येत नाही कारण मराठीत त्यांना कुणी सांगितलंच नाही. नरकासुरासाठी रात्रभर जागणारी हीच पोरं, सकाळी सहाची मॅच त्यांना जड नाही. आमच्या घरी तर आईनं आत्ताच विचारून ठेवलंय, "भावबीजेदिवशी सकाळीच खंयचो खेळ बघतलंस रे?" मी तिला रेसिंगची गोष्ट सांगितली, तर म्हणाली बघ बाबा, आधी आंघोळ कर आणि फोव खा.

आता आपल्या कामाची अडचण मला कळते. पेपर रात्री छापला जातो, मॅच संपते सकाळी आठला, म्हणजे निकाल दुसऱ्या दिवशीच्या अंकात, तोवर सगळ्यांनी मोबाईलवर बघितलेलं असतं, आणि २४ तारखेचा अंक हातात येईपर्यंत दुसरी सेमीफायनलही अर्धी झालेली असेल. म्हणूनच निकाल नको, आधीची माहिती द्या असं माझं म्हणणं. कुठला क्लब कुठल्या गावाचा, कोण खेळतंय, आपल्या घड्याळाप्रमाणं किती वाजता, एवढं मराठीत नीट लिहिलेलं आधी हातात आलं तर ते शिळं होत नाही. दिवाळीत एखाद दिवस अंक निघत नाही, तेव्हा पहिल्या लेगचं १९ किंवा २० तारखेलाच घेतलं तर बरं. दुसऱ्या लेगसाठी, ३० ला रेसिंग विरुद्ध फ्लामेंगो आणि ३१ ला पाल्मेरास विरुद्ध एलडीयू, त्यासाठी २९ चा अंक चालेल, तोवर पहिल्या लेगचा स्कोअरही देता येईल. क्रिकेटचं काही कमी करा असं म्हणत नाही, भातकापणी झाली की आमच्या मळ्यातसुद्धा टेनिस बॉलचे स्टंप लागतात. दोन कॉलम पाहिजेत फक्त, आणि जमलं तर १९९९ च्या त्या भरलेल्या स्टँडचा एक फोटो.

आपला,
एक नियमित वाचक,
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग